बाबांचा अंगठा

नकला करणं हा माझा धंदा नाही, खाज आहे. कुळगावच्या शाळेत मी हेडसरांची नक्कल करत होतो आणि हेडसरच मागे उभे. त्यांनी कान पिळला तेव्हा "आई गं" सुद्धा मी त्यांच्याच आवाजात ओरडलो. आता उल्हासनगरला मोबाइलच्या दुकानात आहे. आमचा सिंधी सेठ जेवायला गेला की मीच सेठ. "वडी साईं, बैठो तो सही," म्हणत गिऱ्हाईक गुंडाळतो.

माझी ट्रिक साधी आहे. आवाज नंतर, आधी अंग बघायचं. प्रत्येकाचं अंग त्याला न विचारता काहीतरी करत असतं. ते पकडलं की माणूस सापडला.

बाबांचं ते म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. बोलता बोलता मध्येच उडायचा, कोणीतरी दोरा ओढल्यासारखा, आणि पाठोपाठ खांदा. मावसभावाच्या हळदीत मी ते केलं तर बायका पोट धरून हसल्या. बाबाही हसले. "माकडा, बापाला तरी सोड!"

आम्ही राहतो अंबरनाथ पूर्वेला. बाबा कंपनीत लेथ मशीनवर, फिरतं लोखंड कातायला. आत्या आमच्याकडेच असते, कारण तिचं अंग उडतं. बसल्या जागी हात उडतात, पाय नाचतात, चहाचा कप टिकत नाही. आजोबांचंही तसंच होतं. बारवी धरणाकडच्या आमच्या गावात ते शेताच्या बांधावरून निघाले की पोरं मागे लागायची. गाव म्हणायचं, म्हातारा पितो. आत्या अजून चिडते. "माझ्या बापानं थेंब नाय घेतला रं कधी!"

तिच्यासाठीच एक डॉक्टर मॅडम घरी आली. ती ह्याच आजारावर संशोधन करते. तिने सगळं नीट समजावलं. एक जीन बिघडलेला असतो. आई किंवा बापात तो असला तर प्रत्येक पोराचं नाणं उडवल्यासारखं, आला तर आला, नाहीतर नाही. "पण तो मेंदूतल्या पेशी नक्की कसा मारतो, आणि एकाला चाळिशीत तर दुसऱ्याला साठीत का सुरू होतो, तेच शोधतोय आम्ही."

"माझं नाणं बरोबर पडलं," बाबा म्हणाले. "पन्नाशी पार झाली, काय नाय झालं."

मॅडमने आत्याला जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. जीभ आपोआप आत जायची; ह्या आजारात ती बाहेर टिकत नाही म्हणे. आत्या स्वतःच हसायला लागली, मग आम्हीही.

"आजोबांचा एखादा व्हिडिओ आहे?" मॅडमने विचारलं.

"व्हिडिओ कुठला, हा आहे ना," आईने मला पुढे ढकललं.

मी आजोबा केले. हॉलभर बांधावरून चाललो. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापच आला गं!" मॅडम फोनवर शूट करत होती.

"अजून कोणाची करतोस?"

"बोला, कोण पाहिजे?" मी फॉर्मात होतो. थेट बाबाच काढले. अंगठा, खांदा, सगळं. आई हसली, आत्या हसली.

मॅडमने फोन खाली घेतला. "बाबांचा हा अंगठा तू कधीपासून करतोस?"

"मावसभावाच्या हळदीपासून."

"त्याच्या आधी बाबांची नक्कल कशी करायचास?"

"खोकला. आणि पँट वर ओढणं."

"अंगठा नाही?"

मी स्वतःच्याच अंगठ्याकडे बघितलं. आधी अंगठा करत नव्हतो, कारण आधी तो नव्हताच.

"काका, जरा जीभ बाहेर काढा. मी सांगेपर्यंत धरून ठेवा."

बाबांनी मजेत काढली. ती आत गेली. परत काढली. परत आत गेली. ह्या वेळी कोणी हसलं नाही.

मॅडमने आत्याचं रक्त घेतलं, बाबांनी दिलं म्हणून त्यांचंही. रिपोर्ट हवा की नको ते तुम्ही ठरवा, म्हणाली. बाबा म्हणाले नको. म्हणजे माझंही नाणं अजून हवेतच आहे, पण घरात तो विषय कोणी काढत नाही.

तेव्हापासून ड्युटीला निघताना बाबा दारात थांबतात. "चल, माझी कर." आरशात नाही बघत, माझ्यात बघतात. मी करतो. खोकला जोरात, पँट जोरात, अंगठा जरासाच. मग ते "ठीक आहे" म्हणतात आणि जातात.

आज मात्र हलले नाहीत.

"कमी करतोयस."

"नाही हो बाबा."

"मला मशीनमध्ये हात घालायचाय रे. बरोबर कर."

आई किचनच्या दारात येऊन उभी राहिली. मी केली. जशी आहे तशी, काही न लपवता.

बाबांनी शेवटपर्यंत बघितलं. मग बूट काढले, खुर्चीत बसले आणि डबा मांडीवर घेतला. डब्याच्या झाकणावर त्यांचा अंगठा वाजत राहिला.