प्रॉम्प्टरशिवाय

माझी बायको भांडखोर आहे असं मी लग्नानंतर पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो. इतरांच्या बायका चुलीपाशी बसून बोलायच्या, नवरा ओसरीत विडी ओढत ‘हूं हूं’ करायचा आणि संसार चालायचा. आमची मात्र हातातलं काम टाकून उठायची, सरळ माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहायची आणि मगच बोलायची. साधं मीठ संपलं हे सांगायलासुद्धा समोर. माझंही डोकं काही थंड नव्हतं. मी खेकसायचो, “काहून अंगावर येते वं? तिथूनच बोलता येत नाई का?” ती उत्तर द्यायची नाही. शेजारी हसायचे, म्हणायचे, याच्या घरी रोज कोर्ट भरते.

तेव्हा मी तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीत ड्रिलवर होतो. ऐंशी साल जवळ आलं होतं. जमिनीखाली उतरायचं, यंत्र छातीशी धरून दगडात भोकं पाडायची, मग सुरुंगवाले येऊन त्यात दारू भरायचे. पाळी संपवून वर आलो की कानात रातकिडे ओरडायचे. सगळ्यांच्याच ओरडतात म्हणून कोणी मनावर घेत नव्हतं. आमच्या पाळीची माणसं टपरीवर चहा प्यायला बसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, मारामारी लागली.

पण खाणीत लागायच्या आधीचा मी नाटकातला माणूस. लाखनीकडे माझं गाव. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, पाहुणेरावळे आणि रात्री नाटक. मंडईला नाटक नाही म्हणजे लग्न लागलं अन् जेवण नाही! मिसरूड फुटल्यापासून मी त्या नाटकांत पार्ट केले. लोक मला हिरोच्याच नावानं हाक मारायचे आणि मी पण मोठ्या तोऱ्यात ओ द्यायचो. मग नोकरी लागली, लग्न झालं, आई अंथरुणाला खिळली, पाठोपाठ दोन पोरी झाल्या. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या मंडईला पाहू. असं म्हणता म्हणता दहा-बारा मंडया निघून गेल्या.

त्या वर्षी खाणीच्या कॉलनीला लागून असलेल्या गावातले एक मास्तर मला शोधत आले. तेच नाटकाचे डायरेक्टर. बापाचा पार्ट करणाऱ्या माणसाची बदली झाली होती. मी घरात विचारायच्या आधीच ‘हो’ म्हणून मोकळा झालो आणि घरी येऊन मांजरासारखा गुपचूप जेवायला बसलो.

बायको समोर आली. कॉलनीत बातमी माझ्या आधी पोचली होती.

“घरी दोन पोरींच्या बापाचा पार्ट हाये ना. तो झाला का नीट करून?”

मी मान खाली घातली. खरं सांगतो, त्या वेळी ती नाही म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं आणि मरेपर्यंत तिच्या नावानं बोटं मोडली असती. पण ती म्हणाली, “करा. पर नळाचं पानी तुम्हीच भराचं. धान कापाले तुमच्या भावाकडं गेलेच पायजे. अन् थकलो मनून पोरींवर चिडाचं नाई.” मी सगळ्याला मान डोलावली. मान डोलवायला काय जाते!

दिवेलागणीला शाळेच्या व्हरांड्यात पहिली तालीम होती. आता आमच्या झाडीपट्टीत प्रॉम्प्टरला केवढा मान, ते बाहेरच्याला कळायचं नाही. नट अर्धं पाठ करतो आणि बाकीचं प्रॉम्प्टरच्या भरवशावर सोडतो. तो विंगेत बसून वाक्य फेकतो, नट ते झेलून लोकांसमोर टाकतो. मी तर जन्मात कधी एक पान पाठ केलं नव्हतं. तर त्या दिवशी मी उभा राहिलो, प्रॉम्प्टरकडे कान लावला आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

आधी वाटलं, तो हळू वाचतो. मग पाहिलं, तोंड तर चांगलं आ करून वाचत होता. बाकीचे त्याचं वाक्य अचूक उचलत होते. फक्त माझ्यापर्यंत नुसता भुंग्यासारखा आवाज येत होता. पायाखालची जमीन सरकली, बापा. खाणीत कळलं असतं तर ड्रिल सुटलं असतं. वरच्या कामावर टाकलं असतं आणि पगार खाली आला असता. मंडईला तर अर्धी कॉलनी येणार, आमचा मुकादम पाहुणा म्हणून पुढं बसणार. स्टेजवर माझी फजिती झाली की सगळ्यांना एकदमच समजणार होतं. नाटक सोडावं तर वाटेना, आणि करावं तर कसं करावं ते कळेना.

मी छाती फुगवून मास्तरांना म्हटलं, “मी सारं पाठ करूनच बोलणार. प्रॉम्प्टर मले नको.”

“वा! असा नट पायजे,” मास्तर बाकीच्यांकडे पाहून म्हणाले. झालं, आता मागं फिरता येत नव्हतं.

पाठ करायला वेळ कुठला? सकाळी नळ, मग खाण, मग तालीम. म्हणून खाणीतच सुरू केलं. यंत्राच्या आवाजात कोण ऐकतो? मी भोकं पाडता पाडता गळा फाडून वाक्यं म्हणायचो. एकदा ‘चालती हो माझ्या घरातून!’ असं बेंबीच्या देठापासून ओरडलो आणि नेमकं तेव्हाच यंत्र थांबलं. मागं मुकादम उभा.

“कोनाले हाकलून रायला गा?” त्यानं विचारलं. नशीब, तोही ओरडूनच बोलायचा. नाटकाचं आहे म्हटल्यावर तो हसला आणि पाठीवर थाप मारून गेला. मला मात्र घाम फुटला होता.

सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून लाखनीकडे जायचो. भावाचं धान उभं. एका हातात विळा, तोंडात बापाचा पार्ट. भाऊ वैतागायचा, “धान कापून रायला का भाषन देऊन रायला?” दिवस बुडता परत. कंबर मोडलेली, डोकं रिकामं. सोमवारी पुन्हा नळ.

एका संध्याकाळी सगळंच अंगावर आलं. पाणी भरायचं राहिलं होतं. मोठी पोरगी पाढे म्हणत होती आणि तिच्या पाढ्यांत माझी वाक्यं गुंतत होती. मी तिच्यावर असा ओरडलो की पाटी तिच्या हातातून पडली. लहानी रडायला लागली. मी नाटकाच्या कागदांचा गठ्ठा भिंतीवर फेकला. म्हटलं, गेलं खड्ड्यात नाटक. चाळिशीला टेकलेल्या माणसाला काय हे थेर सुचते!

बायकोनं आधी पोरींना जवळ घेतलं. मग सगळे कागद गोळा करून नीट लावले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“मी वाचते. तुमची पाळी आली का तुम्ही बोला.”

“तुले कुठं वाचता येते?”

“चवथी पास हावो मी. विसरले का?”

विसरलोच होतो. लग्नात कोणीतरी सांगितलं होतं, पण त्यानंतर तिच्या हातात कागद कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी ती एकेक अक्षर चाचपडत वाचत होती, अंधारात उंबरठा शोधतात तशी. एक वाक्य संपायला चहा उकळून जाईल एवढा वेळ. माझा जीव वर-खाली व्हायचा, पण ओरडायची हिंमत नव्हती. कंदील ती अगदी स्वतःच्या तोंडाजवळ ठेवायची. मला वाटायचं, अक्षरं दिसावीत म्हणून. दुसऱ्याचं वाक्य वाचून झालं की हनुवटी जराशी वर करायची, म्हणजे ‘बोला आता’. रोज भाकरी झाल्या की आमची ही तालीम. पोरीही समोर बसून ऐकायच्या. तिसऱ्या अंकात बापानं हाकलून दिलेल्या मुलीच्या दारात तो स्वतः जातो, असा एक प्रवेश होता. मुलीचं बोलणं ती इतकं मनापासून वाचायची की एकदा डोळ्यांना पदर लावला. दिवाळीपर्यंत तिला कागदाकडे पाहावंही लागत नव्हतं. आणि मला, देवाशपथ, सगळं नाटक तोंडपाठ झालं होतं.

मंडईच्या दिवशी मी निर्धास्त होतो. आता प्रॉम्प्टर ऐकू येवो न येवो, आपलं काय अडते?

अडलं ते भलतीकडेच. मुलीच्या कामासाठी नागपूरची एक बाई बोलावली होती. अशा बाया त्याच दिवशी एसटीनं येतात, चहा पितात, तोंडाला रंग लावतात आणि उभ्या राहतात. तालमीत तिचं काम शाळेचा शिपाई करायचा आणि तो आवाज असा लावायचा की बैल बुजावेत. पहिल्या दोन अंकांत बापलेकीची भांडणंच होती, बाई तोंडासमोर येऊन कडाडून बोलली, निभलं. तिसऱ्या अंकात ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. रडवेल्या मुलीनं बापाला तोंड कसं दाखवावं? काम फार सुंदर करत होती ती. आवाजही हळू केला असणार, कारण सगळा मंडप कान देऊन ऐकत होता. एकटा मी सोडून.

माझं वाक्य मला येत होतं, पण बोलायचं कधी? तिचं संपलं की नाही? मध्येच बोललो तर सगळं मुसळ केरात. मी थांबलो. तिचे खांदे हलायचे थांबले. म्हणजे संपलं, की दम घेतला? विंगेत प्रॉम्प्टर मान पुढं काढून काहीतरी सांगत होता, पण अर्धं तोंड कागदाआड. पुढं मुकादम खुर्चीत सावरून बसला. मागून कोणीतरी शिटी मारली. वाटलं, संपलं. नाटकही गेलं आणि ड्रिलही.

आणि मला ती दिसली. बायकांच्या बाजूला, सगळ्यांत पुढं गोणपाटाचा बोरा टाकून बसली होती. लहानी मांडीवर झोपलेली, मोठी खांद्याला टेकलेली. स्टेजच्या गॅसबत्तीचा उजेड बरोबर तिच्या तोंडावर पडला होता. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. मला लख्ख कळलं. ‘बाबा, फार उशीर केला तुम्ही.’ मग तिनं ओठ मिटले आणि हनुवटी जराशी वर केली.

मी बोललो, “उशीर झाला, हे खरं आहे पोरी. पण दाराशी आलो आहे. आत घे, नाहीतर परत पाठव.”

पुढचा सगळा प्रवेश मी तिच्याकडे पाहून केला. ती मुलीचं वाक्य ओठांवर घ्यायची, थांबायची, हनुवटी उचलायची आणि मी बोलायचो. शेवटी शेवटी माझा आवाज फुटला तो काही मास्तरांनी शिकवला नव्हता. बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मागाहून मास्तर मिठी मारून म्हणाले, “लेकीकडे न पाहता केलंस ना गा, तिथं तू नाटक मारलं!” मुकादमानं हार घातला. हार गळ्यात घेऊन मी बायकांच्या बाजूला पाहत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आपणहून मुकादमाकडे गेलो आणि वरचं काम मागून घेतलं. पगार कमी झाला, दोन-तीन वर्षं फार ओढाताण झाली. नाटक मात्र मी पुन्हा सोडलं नाही. आणि तिनंही वाचणं सोडलं नाही. किराणाची पुडी सोडली की त्यावरचा छापील कागद आधी वाचायची, साखर मग डब्यात.

पण ते नंतरचं. त्या दिवशी नाटक सुटलं तेव्हा उजाडलं होतं. कापलेल्या धानाच्या बांधीतून आम्ही कॉलनीकडे निघालो. लहानी माझ्या खांद्यावर, मोठी आईचं बोट धरून. अर्धी वाट सरली. मग विचारलं, “तुले कधीपासून ठावं होतं?”

ती पुढं चालत होती. थांबली, वळली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“लहानीच्या बारशापासून.”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“सांगतलं ना. चुलीपासून सांगतलं, अंगनातून सांगतलं. तुम्हाले आयकाले आलं नाई. मंग म्हटलं, आता समोर जाऊनच बोलाव.”

मोठी पोरगी धावत पुढं गेली होती. बायकोनं पदर खोचला आणि माझ्याकडे तोंड करून, मागं मागं पावलं टाकत, भावाकडचं धान, संपलेलं रॉकेल, पोरीची पाटी असं काय काय सांगत घरापर्यंत तशीच चालत राहिली.