झेंडा नसलेल्या जहाजावरचे कासमभाई

प्रिय रेवा आणि ईशान,

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आमच्या गॅलरीतून काढलेला जुना फोटो दाखवला, तेव्हा ईशानने विचारलं, "आजी, बट हूज शिप इज इट?" मी सांगायला लागले आणि कॉल तुटला. हाच प्रश्न इथे अमिरातीत, आमच्या खोर फक्कानच्या बंदरातल्या साहेबांनाही पडला होता. त्याचं उत्तर सापडेना, म्हणून एक माणूस त्या जहाजावर अडकून पडला. ते आमचे शेजारी कासमभाई. परवा ते गेल्याचं कळलं, म्हणून आता नीट लिहिते.

कासमभाई दाभोळचे. खोर फक्कानला मोठी जहाजं ओढणाऱ्या टग बोटींच्या एका कंपनीत सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मला 'बाई' म्हणत. कामाला निघताना आमच्या दारावर थाप मारून ओरडायचे, "यल्ला, निघालो बाई, दर्या बोलावतोय!" शेजारच्या घरातून त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी म्हणायच्या, "दर्याला म्हणावं, याला तिकडेच ठेव."

त्या वेळी एका आरमाराने एकाच बनावटीच्या आपल्या चार क्षेपणास्त्र विनाशिका दुसऱ्या देशाच्या आरमाराला दिल्या होत्या. तीन पोचल्या. चौथी वाटेत आमच्या समोर नांगरून असताना घेणाऱ्या देशात सरकार बदललं आणि नव्या सरकारने तिला नको म्हटलं. देणाऱ्यांनी आपला झेंडा आधीच समारंभाने उतरवलेला, क्षेपणास्त्रंही काढून नेलेली. राखणीला म्हणून कंपनीतर्फे कासमभाई थोड्या दिवसांसाठी चढले आणि जहाज ताब्यात घेतल्याची सही केली. मग त्यांची कंपनी बंद पडली. व्हिसा संपला, त्यामुळे किनाऱ्यावर येता येईना. आणि दुसरं कोणी सही करेना, त्यामुळे जहाज सोडता येईना.

रोज फोन यायचा. "बाई, हिचं माहेर सुटलं, सासरने घेतली नाही. आणि मी हिचा घरजावई!" त्यांच्याकडे दुर्बीण होती. "साहेबांना सांगा, बनियन उलटं घातलंय." तुमचे आजोबा गॅलरीत जायलाच घाबरू लागले.

उन्हाळा आला आणि थट्टा कमी झाली. जहाजावर वीज जेमतेम दिव्यापुरती. भाभी जेवणाचा डबा जुन्या ओढणीत बांधून सामानाच्या होडीने पाठवत. एकदा कासमभाई नुसतंच म्हणाले, "दुर्बिणीतून घरी माझ्या खोलीतला पंखा फिरताना दिसतो, बाई."

भाभींचा व्हिसा कासमभाईंच्याच नावावर. तोही संपला, शुक्रवारी त्यांना कायमचं दाभोळला परत जायचं होतं. कासमभाईंनी एका तासासाठी किनाऱ्यावर सोडा म्हणून बंदरातल्या एजंटच्या विनवण्या केल्या. तो म्हणाला, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक."

शुक्रवारी सकाळी जहाजावरच्या झेंड्याच्या रिकाम्या काठीवर हिरवं काहीतरी फडकताना दिसलं. भाभी गॅलरीत आल्या, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला, माझी ओढणी!"

युद्धनौकेवर अनोळखी झेंडा म्हटल्यावर गस्तीची बोट सुटलीच. थोड्या वेळाने फोन. "बाई, मला पकडलं! किनाऱ्यावर आणलंय! झुबेदाला घेऊन या, लवकर!" अटक झाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही बॅगांसकट तसेच गेलो. अधिकारी हिंदीत विचारत होता, "ये कौन से मुल्क का झंडा है?"

कासमभाईंनी भाभींकडे बोट केलं. "इनका, साहब."

अधिकारी बराच वेळ कागद चाळत बसला. मग बाहेर गेला आणि आमच्यासाठी चहा पाठवला.

"लाज नाही वाटत? या वयात पोलिसात!" भाभी म्हणाल्या, आणि कासमभाईंच्या शर्टाचं उघडं बटण लावू लागल्या. ते एक बटण लावायला त्यांना फार वेळ लागला. कासमभाई मान वर करून उभे होते.

भाभींची टॅक्सी विमानतळाकडे गेली, आणि कासमभाईंना त्याच बोटीने परत जहाजावर नेलं. सही अजून त्यांचीच होती. धक्क्यावर ते मला म्हणाले, "खलास, बाई. भेट झाली. आता ठेवा मला कुठेही." मी हात हलवला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

जहाज शेवटी भंगारात निघालं. जहाजं तोडायच्या किनाऱ्याला लागेपर्यंत कासमभाई त्यावरच होते. मग ते दाभोळला भाभींकडे गेले आणि घरात कोणाला दार म्हणून लावू देईनात. पाऊस आत आला तरी चालेल, म्हणायचे.

ते जहाज आता नाही. कासमभाई नाहीत. झुबेदाभाभी आहेत, आणि त्यांच्या घराची दारं अजून उघडी असतात.