उजव्या हाताची पिशवी

मामांच्या उजव्या हाताचे जितके लाड झाले, तितके आमच्या वऱ्हाडात नवसाच्या लेकराचेही झाले नसतील. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तो हात मऊ मांजरपाटाच्या पिशवीत राहायचा. पिशवी मामींनी शिवलेली, मनगटाशी नाडी, आणि नाडीची गाठ मामींशिवाय कुणी मारायची नाही. त्या हातानं विहिरीचं पाणी शेंदायचं नाही, लाकूड फोडायचं नाही, बैलाचा कासरा धरायचा नाही. जेवणसुद्धा डाव्या हातात चमचा धरून. त्या काळी आमच्या गावात चमच्यानं वरणभात खाणारा माणूस हा बघण्याचाच प्रकार होता, आणि लोक काहीतरी निमित्त काढून जेवायच्या वेळी मामांच्या दारात येऊन बघूनही जायचे. मामींना याची फार लाज वाटे. मामांना अजिबात नाही.

मामा नक्की कुणाचे मामा, हे मला अजून ठाऊक नाही. सगळं जीन त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना, आणि मामा तिथले पारखी. धनजपासून पार पोहरादेवीकडच्या गावांपर्यंतच्या गाड्या हंगामात फाटकाबाहेर रांगेनं उभ्या राहायच्या. मामा पिशवी काढायचे, दंडापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि अगदी पोटातून मूठभर कापूस ओढायचे. मग दोन्ही अंगठ्यांत धागा ताणायचा, डोळे मिटायचे, आणि निकाल. लांबी ते इंचात सांगत नसत. आपल्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीवर त्यांचा सगळा हिशेब चाले. ‘सव्वा नख. ओल हाय. सकाउनच पाणी मारलं काय बे?’ गाडीवाला खाली मान घालायचा. त्या निकालावर अपील नव्हतं.

ही पारख जिनापुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण मामा बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरून चोळत राहायचे. एका लग्नात त्यांनी खुद्द वरबापाचं उपरणं चोळलं आणि भर मांडवात जाहीर केलं, “एक नख. धुतल्यावर समजन.” तो वरबाप जेवायला बसेना. शेवटी त्याला सांगावं लागलं, की ते स्वतःच्या सदऱ्यालाही असंच बोलतात. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याचं तासभराचं भाषण मामांनी शांतपणे ऐकलं आणि उठताना म्हणाले, “धागा लांब हाय बाप्पा, पण कचरा लय.”

आता माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण या गोष्टीत वाईट काम माझ्याकडे आहे. मी नागपूरला शेतकी शिकून, धागा विंचरून मोजायला एक पट्टी, एक फणी आणि काळ्या मखमलीचा एक तुकडा घेऊन त्या जिनात दाखल झालो. मुंबईच्या व्यापाऱ्यांना लांबी इंचात हवी होती, आणि दोन वर्षांत गाठींबद्दल तक्रारीही आल्या होत्या. माझ्या नेमणुकीच्या कागदावर स्वच्छ ‘पारखी’ असं लिहिलेलं होतं. जागा एकच आहे आणि तिच्यावर तीस वर्षं एक माणूस बसलेला आहे, हे काही त्या कागदावर नव्हतं. शेटनी मामांना फाटकावर पाठवलं. जिनाला आगीची भीती, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाची काडेपेटी काढून घ्यायची, जाताना परत द्यायची, आणि वाळूपाण्याच्या बादल्या भरून ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी आलो तर मामा बादली घेऊन येत होते. उजव्या हातात. पिशवी नव्हती. ऐन हंगामात तो हात उघडा बघून गाडीवाले गाड्यांवरून उतरून उभे राहिले होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण जेवलो. भूक लागली होती आणि नोकरी नवी होती.

मामांनी माझ्यावर राग काढला तो त्यांच्या पद्धतीनं. मी विडी ओढत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी रोज सकाळी, “पट्टीवाले, खिसे दाखवा.” बाकीच्यांचा एक खिसा बघायचे, माझे चारही. वर ‘तुमी’ आणि ‘जी’ची अशी काही खैरात, की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

संक्रांतीला मी धीर करून तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. मामींनी पितळी पेल्यातून चहा दिला. पेला इतका कडक तापलेला, की मी रुमालात धरला तरी हात बदलत होतो. मामांनी मात्र तो उघड्या उजव्या तळव्यात घट्ट धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. केवढा राग आहे या माणसाला, असं मला वाटलं.

“जागा गेली त्याचं मले काई नाई,” ते एकदम म्हणाले. “जागा कोनाचीबी जाते. पन शेटनं मले सांगाले पायजे होतं का नाई? मामा, उद्यापासून दुसरा मानूस येऊन राह्यला, इतकंच. मले गाडीवाल्याइकडून समजलं. तीस साल झाले, पट्टीवाले. गाडीवाल्याइकडून.”

मी भलतंच काहीतरी बोललो. म्हटलं, मामा, नख कापल्यावर माप बदलत नाही का? ते खो खो हसले. “अरे येड्या, लांबी नाई, रुंदी!” आणि अंगठा पुढं केला. मी खिशातली पट्टी काढून त्यांच्या नखाला लावली, माप लक्षात ठेवलं. मामी म्हणाल्या, “आता याहीचं नख कॉलेजात नेता काय?”

त्यानंतर फाटकावर दोनच खिसे तपासले जाऊ लागले. पण पिशवी काही हातावर दिसली नाही. लोकांचं गावभर वऱ्हाड मध्यप्रदेशातून सुटणार, मुंबई राज्याला जोडणार असं चाललेलं असायचं, आणि माझ्या डोक्यात एकच, की येत्या दिवाळीच्या पाडव्याला काय करायचं.

पाडव्याला जिनात हंगामातल्या पहिल्या गाडीचा मुहूर्त असे. बैलांना गूळ, चाकावर नारळ, आणि मग पारख्यानं पहिली मूठ काढून सगळ्यांसमोर निकाल सांगायचा. तीस वर्षं ती मूठ मामांची होती. त्या वर्षीची गाडी धनजच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. पहिल्याच दिवशी फजिती नको म्हणून मी सकाळीच तिच्यातला कापूस गुपचूप मापून ठेवला होता. सगळे जमले. मामा फाटकाशी, आमच्याकडे पाठ करून काडेपेट्या रचत बसले होते. शेटनी नारळ माझ्या हातात दिला. मी तो फोडला, ‘आई गं’ म्हणून ओरडलो आणि अंगठा रुमालात गुंडाळला. अंगठ्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

“आता?” शेट वैतागले. “मुहूर्त टळून राह्यला ना!”

“मामा आहेत की,” मी म्हटलं.

मामा आले. सावकाश बाही वर केली, हात दंडापर्यंत आत घातला, मूठ काढली, अंगठ्यांत धागा ताणला, डोळे मिटले. निकाल येईना. मी शेजारीच उभा होतो. त्यांचे ओठ जेमतेम हलले.

“मले काई समजत नाई. दोन-तीन साल झाले, बोटं बधिर हायेत. तू सांग रे बाप्पा.”

तो पितळी पेला माझ्या डोळ्यांपुढं आला. त्या दोन वर्षांतल्या तक्रारीही आल्या. पिशवीत ते काय सांभाळत होते, तेही कळलं. माप पाठ होतं आणि नखही पाठ होतं.

“दीड नख,” मी पुटपुटलो. “वर थोडी. कोरडा आहे.”

“दीड नख!” मामा गरजले. “वरतून थोडी! कोरडा खन्न!”

धनजचा म्हातारा आनंदानं हसला आणि बैलांच्या पाठीवर थापा मारू लागला. शेटही खूश झाले. मामांनी बंडीच्या खिशातून घडी केलेली पिशवी काढली. म्हणजे एवढे महिने ती रोज तिथंच होती. ती हातावर चढवून त्यांनी मनगट माझ्यापुढं धरलं.

“बांध,” म्हणाले.

मी गाठ मारली. मामींसारखी जमली नाही, जरा सैल बसली. तशीच घेऊन ते फाटकावर काडेपेट्या द्यायला निघून गेले.

पुढं मामा होते तोवर दर पाडव्याला नारळ फोडताना माझा अंगठा कापत राहिला. शेट शहाणे, त्यांनी कधी रुमाल सोडायला लावला नाही. ज्या वर्षी मामा नव्हते त्या वर्षी नारळ नीट फुटला. पहिली मूठ मी काढली, आणि सगळ्यांसमोर माप सांगायची वेळ आली तेव्हा इंच काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत.