मनकर्णाबाईंची वाळूतली भाजी

अल्लीपूरच्या आमच्या गल्लीत कोणता पाला शिजवायचा आणि कोणता बैलापुढे टाकायचा, हे मनकर्णाबाई ठरवतात. तरोटा, चिवळ, घोळ, बांधावरून काहीही उपटा, आधी त्यांना दाखवा. एकदा मी मुद्दाम गाजर गवत नेलं.

"हे तुमच्यासाठी चांगलं हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गुहागरकडे लेकीच्या घरी गेल्या. लेकीने, म्हणजे छायाने, सासूला आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या आईला रानभाजीतलं सगळं समजतं. आता ते खरं करून दाखवणं आलं.

तिसऱ्या दिवशी समुद्रावर, वाळूत, जाड पानांची आणि लालसर देठांची वेल पसरलेली दिसली. थेट आपली घोळच. पान चघळलं तर खारट. आपल्याकडे पानावर धूळ बसते, तसा इकडे समुद्र बसत असेल, असं समजून त्यांनी भाजी चार पाण्यांनी धुतली. मग तुरीची डाळ घातली आणि हाताच्या सवयीने मीठही. शिजताना चाखायची पद्धत त्यांच्याकडे नाही, अन्न उष्टं होतं.

पहिलं ताट जावयाचं. सचिनरावांनी एक घास घेतला, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान झालीय." मनकर्णाबाईंनी खूश होऊन आणखी वाढली. जावईच तो, तीही संपवली. विहीणबाईही मुकाट जेवल्या. हे सगळं छायाने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, म्हणून गल्लीला कळवणं मला भाग पडलं.

शेवटी मनकर्णाबाई स्वतः बसल्या. पहिला घास तोंडात बराच वेळ राहिला.

"पानातच खार हाय का हो, विहीणबाई?"

"हो. आम्ही यात मीठ घालत नाही."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्हाला सगळं समजतं, असं छाया म्हणाली होती."

मनकर्णाबाईंनी भाकरी चुरून ताटातली भाजी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई पिशवी घेऊन किनाऱ्यावर निघाल्या, तर या त्यांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून. वाकायच्या, देठ धरायच्या आणि तोडण्याआधी विचारायच्या, "हे घेऊ?"

विहीणबाई दोनदा नाही म्हणाल्या. दोन्ही वेळा मनकर्णाबाईंनी हात मागे घेतला.