प्रयागबाईंनी वसवलेला नाका

एकोणीसशे त्र्याण्णव साली बारामतीत उंच म्हणावी अशी जवळजवळ प्रत्येक इमारत एस.टी. स्टँडच्या आसपास होती. उंच म्हणजे चार मजले. तिथं हातभर जागा मिळायची मारामार, म्हणून जो तो वर चढत होता. माझा टायपिंगचा क्लासही तिथंच होता, एका अंधाऱ्या जिन्यावरच्या खोलीत. मशिनी आत आणि पोरं पायऱ्यांवर.

भिगवण रस्त्याला मात्र उघड्या माळावर एकच तीन मजली इमारत उभी होती, कन्हेरीच्या मोहनरावांची. इमारत उठली की लोक आपोआप येतील, अशी त्यांची खात्री. लोक काही आले नाहीत. वरच्या मजल्यांवर पारवे मात्र सुखानं नांदत होते.

प्रयागबाई ही मोहनरावांची धाकटी बहीण. लहानपण बापाच्या मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. कळंबला दिली होती; नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाकडं आली. रिकामं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या इमारतीच्या एका गाळ्यात तिनं जवळच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ मांडली. कामगार जेवायचे आणि सायकलींवर टांग टाकून निघून जायचे. तेवढ्यानं इमारत भरणार नव्हती.

एका दुपारी ती माझ्या क्लासचा जिना चढून आली.

"सर, आमच्याकडं या की. हवा हाय, उजेड हाय."

"बाई, तिथं माणूस कुठं आहे? ना दवाखाना, ना दुकान. पोरी एकट्या यायच्या कशा?"

ती रागावली नाही. डॉ. देवकात्यांकडे गेली. ते म्हणाले, औषधाचं दुकान नाही, पेशंट लिहून दिलेल्या गोळ्या आणणार कुठून? मग महिपती मेडिकलवाल्याकडे गेली. तो म्हणाला, डॉक्टर नाही तर मी गोळ्या विकू कुणाला?

त्या रविवारी आम्हा तिघांना तिचं जेवणाचं बोलावणं आलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्या एकट्यालाच आहे. जाऊन बघतो तर एकाच ओळीत तीन पाट. मोहनराव दाराशी घुटमळत उभे. रस्सा वाढता वाढता बाईंनी विचारलं, "डॉक्टर, औषधाचं दुकान असंल तर याल?"

"येईन की."

"महिपती, तू ऐकलंस?"

"व्हय. डॉक्टर येणार असतील तर माझी ना न्हाय."

"आन् सर, दवाखाना असला, चार माणसं येतजात असली, मग?"

माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली.

"मग अडलंय कुठं?" ती वाढायची पळी हातात धरूनच हसली. "तुमी तिघंबी एकमेकाची वाट बघताय. नव्या रानात एकटं मेंढरू पाय ठेवत न्हाय. चार एकदम घातली की बाकीची आपली येत्यात. पाडव्याला तिघांनी एकाच दिवशी शटर उघडायचं. दादा, माणसं येईस्तवर भाडं मागायचं न्हाय."

मोहनराव चिडले. "आगं, मी इमारत बांधली ती धर्मादाय म्हणून व्हय?"

"पारव्यांकडनं घेतोस का भाडं?"

डॉक्टरांना ठसका लागला. मोहनराव आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसायला लागले.

पाडव्याला तिन्ही शटरं वर गेली. पहिले काही दिवस आमचेच आम्ही होतो. मग दवाखान्यात आलेल्या बायका महिपतीकडं थांबू लागल्या, त्यांची पोरं माझ्या क्लासची पाटी वाचू लागली. गर्दी बघून झेरॉक्सवाला आला, त्याच्यामागं कापडवाला. एस.टी.चे ड्रायव्हर हात केला की गाडी थांबवायचे. पुढं तिथं थांब्याची रीतसर पाटी लागली. लोक त्या जागेला 'प्रयागबाईचा नाका' म्हणू लागले. शेजारच्या माळाला आजवर कुत्रं विचारत नव्हतं, आता मालक त्याची मागेल ती किंमत घेऊ लागला. प्रत्येकाला नाक्यावरच जागा हवी, जागा तर तेवढीच. मग स्टँडपाशी झालं तेच इथं झालं. इमारती वर चढू लागल्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मोहनरावांनी चौथ्या मजल्याचा स्लॅब घातला. मजला बहिणीच्या नावावर. मिक्सरची घरघर चालली होती, घमेली हातोहात वर जात होती, आणि बाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढं वर जाऊन उभी. आम्हीही मागोमाग गेलो. चारी बाजूंना बांबूच्या परांच्या, सळ्या, नव्या विटा. शेजारची इमारत पाचव्या मजल्याला लागली होती.

मोहनराव कुरकुरले, "हे आपल्यापेक्षा उंच चाललंय की. वारा आडंल."

"आडू दे! दादा, बघ तरी, कसं गावच्या गाव वर निघालंय!" असं म्हणून तिनं समोरच्या परांचीवरच्या गवंड्याला खणखणीत हाक मारली, "ए बाबा, चढव, आनखी चढव! जेवायला मात्र खाली माझ्याकडंच यायचं!"

गवंड्यानं थापी उंचावली. खाली खानावळीच्या दाराशी कामगारांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.