अकेले हो, चाचा?

अय्यूब मुकादम सौदीतल्या दम्मामहून कायमचे परत आले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तिथल्या बंदरात एकोणतीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. दर दोन वर्षांनी चाळीस दिवसांची रजा मिळायची, तेवढंच काय ते पनवेल. नाझिया आणि झुबेर ही मुलं त्या रजांच्या मधल्या काळातच मोठी झाली. आता ती महाडला सासरी आणि तो दोह्याला नोकरीत. घरात राहिली होती बायको, सायरा.

सायरानं सगळं एकटीनं निभावलं होतं. गळकं छप्पर, मुलांचे शाळेचे दाखले, सासऱ्यांचं आजारपण. मोहल्ल्यातल्या मुलींना ती शिवण शिकवायची. अय्यूबभाई आल्यावर कितीतरी महिने ती त्यांना पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ताटातच वाढत होती. चमचे कुठल्या खणात असतात हे त्यांना विचारावं लागायचं. जेवताना बोलणं असं काही नाहीच.

दोघांनी मिळून काहीतरी करावं म्हणून अय्यूबभाईंनी ट्रेलरचं मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी गाडीमागे चाकांची छोटी खोली जोडून वाळवंटात जाणारी कुटुंबं त्यांनी दम्मामला पाहिली होती. पनवेलमध्ये ट्रेलर म्हटलं की लोकांना न्हावाशेव्याचे कंटेनरच आठवतात. सुकापूरच्या गुरुदत्त वेल्डरला हे प्रकरण समजावण्यातच आठवडा गेला. चार महिन्यांनी आठ फूट लांब, पाच फूट रुंद पत्र्याची खोली तयार झाली. आत दोघांपुरती गादी, मागच्या बाजूला शेगडी, पाण्याची टाकी. आरटीओचे कागदही झाले.

सायरा बघायला आली. दार उघडून तिनं आत डोकावलं.

"ह्यात बसून कुठं जायचं?"

"आसामला. दोघं. दीड महिना."

ती जरा वेळ गादीकडे बघत राहिली. "एकोनतीस वर्सं तुमी म्हनलात, थांब. मी थांबले. आता म्हनता, चल. मी नाय येनार. तुमी जा."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच त्यांना जास्त लागलं.

नोव्हेंबरात ते एकटेच निघाले. जड सामान मागे ठेवलं तर ट्रेलर झुलायला लागतो, हे नाशिकच्या पुढे एका उतारावर कळलं. गाडी बाजूला घेऊन त्यांनी पाण्याचे कॅन पुढे सरकवले. दिवस मावळायच्या आत जागा शोधायची आणि विचारल्याशिवाय कुठेही मुक्काम करायचा नाही, हेही चुकत चुकतच शिकले. पेट्रोल पंप असो, गुरुद्वारा असो की शाळेचं मैदान, विचारलं की लोक सहसा हो म्हणत. ट्रेलर मागे घ्यायचा असेल तर स्टिअरिंग उलट्या बाजूला वळवायचं असतं. जन्मभर क्रेन चालवलेल्या माणसाला हे शिकवलं रायपूरजवळच्या ढाब्यावर भेटलेल्या बळीराम नावाच्या ट्रक ड्रायव्हरनं. शिकवून झाल्यावर त्यानं विचारलं, "अकेले हो, चाचा?"

हा प्रश्न सगळीकडेच यायचा. सुरुवातीला ते सांगायचे, बायकोची तब्येत बरी नाही. मग आपणच तिच्या वाईटावर आहोत असं वाटून त्यांनी ते बदललं. तिला काम आहे, असं सांगू लागले. संबळपूरनंतर ते नुसतं म्हणायचे, "ती नाही आली." त्यावर कोणी पुढे काही विचारत नसे.

सिलिगुडीला एका शाळेच्या मैदानात ते दोन दिवस तापानं पडून होते. पत्र्याबाहेर पोरांचा गलका ऐकू यायचा. पाणीसुद्धा स्वतःच उठून घ्यावं लागलं.

मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळल्यावरच्या नमाजानंतर ते रोज सायराला फोन लावत. दम्मामहूनही तीच वेळ असायची. फोनवर ती भरभरून बोलायची. नात रिदाचा पडलेला दात, तुंबलेलं गटार, एका मुलीनं उलटी शिवलेली बाही. दोघंही हसायची. तापाचं त्यांनी सांगितलं नाही.

तेजपूरला ब्रह्मपुत्रेच्या काठी गाडी लावून त्यांनी विचारलं, "समोर असतो तेव्हा तू असं का बोलत नाहीस?"

ती म्हणाली, "समोर तुमी नुसते माझ्याकडं बघत बसता. मना काय सुचत नाय. फोनवरच्या तुमाला मी वळखते. घरात आलेल्याला अजून नाय."

त्यांना आणखी पुढे, अरुणाचलात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी परत फिरवली. आठ दिवस जवळजवळ न थांबता चालवली.

घरी पोचल्यावर सायरानं चहा दिला. "बारीक झालात," म्हणाली. तीन दिवस त्यापुढे काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात मांदेली साफ करत होती. अय्यूबभाई दारात तिच्याकडे पाठ करून बसले आणि लसूण सोलायला घेतला.

"सिलिगुडीला मला ताप आला होता," ते म्हणाले. "दोन दिवस."

"मना का नाय सांगितलं?"

"काळजी करत बसली असतीस."

नळाचं पाणी वाहत राहिलं. मग सायरा हळू आवाजात म्हणाली, "माझी अम्मी गेली ना, ते मी तुमाला चार दिसांनी सांगितलं. तुमची रजा नामंजूर झाली होती. तितं एकटे रडत बसाल, म्हनून. चार दिस फोनवर तुमच्यासंगं हसून बोलले मी."

सासूबाईंना जाऊन तेरा वर्षं झाली होती. ते चार दिवस आठवायचा अय्यूबभाईंनी प्रयत्न केला, पण काहीच आठवेना. वळून तिच्याकडे बघावं असं फार वाटलं. ते वळले नाहीत.

"पहिल्या दिवशी काय झालं?" त्यांनी विचारलं.

सायरानं नळ बंद केला आणि ती सांगू लागली.