विमानतळ ते मोशी, मार्गे निघोजे

विमानाचा शोध लोकांना पुण्याच्या बसमध्ये आणून बसवण्यासाठी लागला, असं मानणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. लोहगावला उतरलेला माणूस टॅक्सी करून सरळ घरी जाऊ शकतो, ही गोष्ट भाऊजींना मान्यच नाही. आधी विमानतळावरून बस, मग रामवाडीला मेट्रो, न्यायालयाच्या स्टेशनात उतरून सरकत्या जिन्यांनी पाताळात जायचं, तिथून दुसरी मेट्रो, नाशिक फाट्याला उतरायचं आणि पुन्हा बस पकडून मोशी. एवढं सगळं केलं की त्यांच्या मते माणूस आला. टॅक्सीतून येतो तो नुसता पोचवला जातो, पार्सलासारखा. "टॅक्सीत गाव कुठं कळतंय वैनी? नुसता एसी कळतो," असं ते मला ऐकवतात. मी सांगवीत राहते आणि गरज पडली की टॅक्सी करते, त्यामुळे त्यांनी माझा नाद कधीच सोडला आहे.

भाऊजी मूळचे चाकणपलीकडच्या एका खेड्यातले. नोकरी सगळी मोशीच्याही पुढे, निघोज्याच्या एका कंपनीत, वेल्डिंग शॉपमध्ये झाली. तेव्हा बिऱ्हाड संत तुकाराम नगरात होतं. रोज नाशिक फाट्याला उभं राहायचं, कंपनीची बस आली की हात करायचा आणि ठरलेल्या सीटवर बसायचं. निवृत्त झाल्यावर मोशीत फ्लॅट घेतला. निवृत्त झालेली माणसं गच्चीत कुंड्या ठेवतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत जाऊन भांडतात. हे विमानतळाला लागले. सुरुवातीला घरचं माणूस आणायला जात. मग शेजाऱ्यांचं. आता सोसायटीतल्या कोणाचा साडू बंगळूरहून येणार असं कानावर आलं, तरी हे पहाटे अंघोळ करून तयार. साडूला याची काहीच कल्पना नसते. तो बिचारा फोनमध्ये टॅक्सी शोधत बाहेर येतो, तेवढ्यात एक पांढऱ्या मिशांचा माणूस "या पाव्हणं" म्हणत त्याच्या हातातली बॅग काढून घेतो आणि बस स्टॉपकडे चालू लागतो. नमस्कार, विचारपूस सगळं नंतर. "एकदा बॅग ताब्यात आली की माणूस मागं येतंय," हे त्यांचं शास्त्र आहे.

माझा भाऊ मस्कतहून मुलासाठी सायकल घेऊन आला होता, मोठ्या खोक्यात. ते खोकं बघून कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं तिकीट लागंल." भाऊजी म्हणाले, "मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय का?" कंडक्टर म्हणाला, "लेकरू कुठाय?" "बसवतो की मांडीवर," असं म्हणून त्यांनी ते खोकं स्वतःच्या आणि शेजारच्या तीन अनोळखी माणसांच्या मांड्यांवर आडवं टाकलं, आणि रामवाडी येईपर्यंत त्या तिघांची पोरंबाळं, नोकऱ्या, गुडघेदुखी सगळं विचारून घेतलं. भाऊ सगळा वेळ दांडीला लटकून उभा. त्यानंतर तो पुण्याला विमानानं आलेला नाही. मुंबईला उतरतो आणि गाडीनं येतो, तेही भाऊजींना न कळवता.

मेट्रो दापोडीच्या पुलावर आली की भाऊजी उठून उभे राहतात आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात पाहुण्याला सांगतात, "ही मुळा. अन् वरच्या अंगाला सांगवी. तिथं आमच्या वैनी ऱ्हातात." परवा मंडईत एका अनोळखी बाईनं मला, "तुम्हीच का त्या सांगवीच्या वैनी?" म्हणून विचारलं, तेव्हा मला या जाहिरातीचा पत्ता लागला.

इथवर गंमत होती. मग केतकीचं लग्न निघालं.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. आलेली सगळी स्थळं तिनं शांतपणे परत पाठवली होती. शेवटी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये तिला नागपूरचा सुमेध भेटला आणि आवडला. अडचण एकच होती, त्याची आई. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "मी येईन, घर पाहीन, माणसं पाहीन, मग बोलेन." केतकी मुद्दाम सांगवीला आली. म्हणाली, "मामी, सुमेध आईच्या शब्दाबाहेर जायचा नाही आणि मला दुसरा कोणी नकोय. एवढी एकच सकाळ बाबांना टॅक्सी करायला सांग. तुझं ऐकतात ते."

मी सांगितलं. "केतकीची शप्पत वैनी, टॅक्सीच," असं भाऊजी म्हणाले. मी त्यांना ओळखून आहे, म्हणून मीच माझ्या फोनवरून टॅक्सी ठरवली आणि गाडीचा नंबर त्यांना पाठवला. त्या सकाळी बाईंचं विमान उतरून थोडा वेळ झाला आणि ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, एक काका आले आणि म्हणाले, तू दुसरं भाडं बघ, आमची मेट्रो हाय. ट्रिप कॅन्सल करू का?"

आम्ही तिघी मोशीच्या गॅलरीत उभ्या. नणंदेनं पोहे केले, ते गार झाले म्हणून पुन्हा केले. केतकी साडी नेसून रस्त्याकडे डोळे लावून होती. फाट्यावरून येणारी प्रत्येक बस थांबायची, कोणीकोणी उतरायचं, आमची माणसं काही उतरेनात. भाऊजी फोन उचलत नव्हते. शेवटी त्यांचाच आला.

"वैनी, पोचलो."

"कुठे पोचलात? आम्ही गॅलरीतच आहोत."

पलीकडून हळू आवाजात, "कंपनीत."

झालं होतं असं, की नाशिक फाट्यापर्यंत सगळं नीट पार पडलं. तिथे दोघं सिटी बसची वाट बघत उभे होते. तेवढ्यात चाकणकडे जाणारी कंपनीची बस आली आणि भाऊजींचा हात आपोआप वर गेला. ड्रायव्हर जुना, त्यानं ओळखून लगेच ब्रेक मारला. "बसा भाऊ, मोशीला सोडतो." भाऊजींनी बाईंना खिडकीशी बसवलं आणि स्वतः शेजारी टेकले. कंपनीच्या बसमध्ये माणसं कशी बसतात हे आमच्याकडे कोणालाही विचारा. बूड टेकलं की डोळा लागतो आणि कंपनीच्या गेटात गाडी वळली की आपोआप उघडतो, मधे कोणी ढोल वाजवले तरी उपयोग नसतो. भाऊजींच्या शरीराला निवृत्तीची ऑर्डर मिळालेली नव्हती. मोशीला ड्रायव्हरनं दोन हाका मारल्या म्हणे. पण मागे शिफ्टवाल्यांची घाई, पुढे ट्रॅफिक. त्यानं गाडी सोडली. बाई तरी उतरवतील असं त्याला वाटलं असेल, तर त्याही झोपलेल्या.

मी हे सगळं केतकीला सांगितलं. ती साडीसकट पलंगावर बसली आणि एवढंच म्हणाली, "संपलं."

तिकडे गेटवर वॉचमननं बाईंना खुर्ची दिली, कॅन्टीनमधून चहा आला. वेल्डिंग शॉपची पोरं गोळा झाली. "काय भाऊ, करमंना व्हय घरी?" "अन् ह्या कोण?" भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आमच्या विहीणबाई." बाईंनी अजून मुलीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

मग तीच बस रिकामी परत निघाली तेव्हा दोघं तिच्यातून आले. एवढी मोठी बस सोसायटीच्या गेटाशी उभी राहिली आणि तिच्यातून फक्त एक मुख्याध्यापिका उतरल्या. मागून बॅग घेऊन भाऊजी, फटका खाल्लेल्या पोरासारखे. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

बाईंनी चपला काढून जागेवर नीट ठेवल्या. पाणी प्यायल्या. पोहे खाल्ले, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत. मी मनात माफीची दोन वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात त्या नणंदेला म्हणाल्या, "तुमचे यजमान फार घोरतात."

"हो," नणंद म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"चालत्या गाडीत मला झोप येत नाही. शाळेच्या इतक्या सहली नेल्या, कधी डोळा मिटला नाही, मुलं मोजत बसायचे. आज शेजारी हा माणूस इतका निवांत झोपला, की मलाही वाटलं, झोपावं. गेटवर जाग आली तेव्हा आधी माझी बॅग पाहिली. यांनी ती झोपेतसुद्धा दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती." मग केतकीकडे वळून म्हणाल्या, "तुला बरंच विचारायचं ठरवून आले होते. आता आठवत नाही. राहू दे, एकाच घरात राहायचं तर विचारता येईल हळूहळू."

केतकी रडायला लागली. भाऊजींना एकदम धीर आला. "मग विहीणबाई म्हटलं तर चालंल न्हवं?"

"गेटवर विचारलं होतंत का?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी पोहे मागितले.

लग्न झालं. केतकीनं बदली करून घेतली. नागपूरला जायच्या दिवशी मी तिला म्हटलं, गाडीनं सोडते, सामान फार आहे. "नको मामी, बाबांबरोबरच जाते," ती म्हणाली. मग मीही निघाले, एक बॅग धरायला. फाटा, मेट्रो, पाताळ, पुन्हा मेट्रो. भाऊजी वाटेत कोणाशी बोलले नाहीत. दापोडीच्या पुलावर बसूनच होते.

रामवाडीला आम्ही विमानतळाच्या बससाठी उभे राहिलो. बस आली. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीशी पाचसहा माणसं, बाकी सगळ्या सीटा मोकळ्या. भाऊजींनी आत डोकावून पाहिलं आणि मागे सरले.

"लई गर्दी हाय," ते म्हणाले. "फुडची घेऊ."

कंडक्टरनं आमच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि बेल मारली. मी घड्याळ पाहिलं, वेळ होता. केतकीनं बॅग खाली ठेवली.

"हो बाबा," ती म्हणाली. "पाय ठेवायला जागा नव्हती."